मिफ्लेहचा सूर उशिरा घरी येतो

"मला माझी जुनी दांडी परत दे!"

"जुनी खराब होती."

"मग खराब दे! मी मागतोय ना!"

"खराब होती म्हणून तूच घेऊन आलास. मी काही तुझ्या घरी बोलवायला आलो नव्हतो."

मिफ्लेहने कीबोर्ड काउंटरवर आपटला. आपटला म्हणजे तसा आव आणला. टेकायच्या वेळी हात आपोआप हळू झाला. कुवेत सोडून परत येताना या माणसाने फ्रिज मागे ठेवला, गाद्या मागे ठेवल्या, एक आत्यासुद्धा दुसऱ्या गाडीत बसवून दिली. पण कीबोर्ड मांडीवर घेऊन सगळं वाळवंट पार केलं. तो काय आपटणार?

अबू शाहेरने मान वर केली नाही. त्याच्यापुढे एक रेडिओ पोट फाडून पडला होता आणि तो चिमट्याने त्यात काहीतरी शोधत होता. इर्बिद शहराच्या जुन्या बाजारात, सुबही न्हाव्याच्या शेजारी त्याचं दुकान. दुकान कसलं, बीळच ते. एक माणूस आत आला की दुसऱ्याने पोट आत घ्यायचं.

"तू त्याचा जीव काढून घेतलास," मिफ्लेह म्हणाला.

"जीव नाही, घाण काढली. कार्बनचा पट्टा झिजून पांढरा पडला होता. दांडी हलवली की खरखर. स्प्रिंग तर मी नुसती बोटांत धरली, तर तुटली. म्हाताऱ्याच्या दातासारखी. मी पट्टा नवा घातला, स्प्रिंग नवी घातली, रबर नवं घातलं. आता दांडी सोडली की टक्कन मधे येते. एक केस इकडे नाही की तिकडे नाही."

"तेच तर म्हणतोय! टक्कन येते! कुणी सांगितलं होतं टक्कन यायला?"

या दांडीचं सांगितल्याशिवाय पुढचं भांडण कळणार नाही. कीबोर्डच्या पट्ट्यांच्या डावीकडे अंगठ्याएवढी काळी दांडी असते. बाजूला ढकलली की सूर वाकतो, सोडली की स्प्रिंग तिला मधे आणते आणि सूर सरळ होतो. बनवणाऱ्या जपान्यांना वाटलं असेल, गाण्यात एखाद-दोनदा लागेल, शोभेला. त्यांना आमच्या हौरान भागातली लग्नं ठाऊक नव्हती. आमच्याकडे दोन पट्ट्यांच्या मधला सूर लागतो, आणि तो कुठल्याच पट्टीत नसतो, दांडीतूनच ओढून काढावा लागतो. वर मिज्विज, म्हणजे आमची दोन नळ्यांची पुंगी, रडते तसं कीबोर्डने रडायला पाहिजे, नाहीतर दबक्याच्या, म्हणजे हातात हात धरून नाचायच्या, रांगेतला एक पाय उठायचा नाही. उजवा हात पट्ट्यांवर, डावा दांडीवर, आणि दांडीला श्वास घ्यायला सवड नाही. म्हणून आमच्याकडे कीबोर्डची दांडी आधी मरते. पट्ट्या नंतर.

आणि मिफ्लेहची दांडी म्हणजे वेगळंच प्रकरण. ती इतकी सैल झाली होती की सोडल्यावर मधे यायलाच मागायची नाही. सूर आपला रेंगाळत, खाली मान घालून, हळूहळू परत यायचा. रम्थापासून इकडे सगळे म्हणायचे, मिफ्लेहचा सूर उशिरा घरी येतो. त्यासाठीच त्याला बोलवायचे. फक्त मधे खरखर वाढली, एका लग्नात ऐन रंगात सूर मांजर तुडवल्यासारखा ओरडला, नवरीचा काका दचकून रांगेतून बाहेर फेकला गेला, म्हणून मिफ्लेहने कीबोर्ड इथे आणला.

"गेल्या गुरुवारी शजऱ्याला त्या लग्नात काय झालं, ऐकलंस?" मिफ्लेह म्हणाला.

"ऐकलं."

"काय ऐकलंस?"

"रांग थांबली."

"थांबली नाही! उभी राहिली आणि माझ्याकडे बघायला लागली. रांगेच्या पुढचा तो माळ फिरवणारा, त्याने माळ खिशात घातली. खिशात! आणि मग नवऱ्याच्या चुलतभावाने फोन काढला आणि माझ्याच स्पीकरला लावला. मी समोर बसलेलो असताना. जिवंत!"

यावर मात्र अबू शाहेरने वर बघितलं. फोनचं त्यालाही झोंबलं. पण झोंबलं म्हणून कबूल करणारा माणूस नाही तो.

"तुझी सवय जाईल," तो म्हणाला. "चांगल्या वस्तूची सवय व्हायला वेळ लागतो."

"येत्या गुरुवारी हाजी नायेफच्या नातवाचं लग्न आहे. तोपर्यंत जाईल?"

"ते मला काय माहीत?"

"तू फक्त जसं होतं तसं कर."

"मिफ्लेह, ऐक. या दुकानात वस्तू मेलेली येते आणि जिवंत बाहेर जाते. उलटं काम करायचं असेल तर पुढच्या गल्लीत जा, ते लोक त्यातच वाकबगार आहेत. मी वस्तू उघडतो तेव्हा आत माझ्या नावाची चिठ्ठी चिकटवतो. उद्या कुणी उघडून बघितलं आणि आत मुद्दाम सैल केलेली स्प्रिंग दिसली, तर? लोक म्हणतील अबू शाहेरला दिसेनासं झालं."

"म्हणजे नाही?"

"नाही."

मिफ्लेह दारापर्यंत गेला. कीबोर्ड तिथेच सोडून. वस्तू अशी सोडून जाणं म्हणजे धमकी असते, हे लहान पोरालाही कळतं.

"ठीक आहे," तो म्हणाला. "आता मी एकटा येणार नाही."

सोमवारी दुपारची नमाज झाली, आणि बाजाराच्या तोंडाशी दोन पिकअप येऊन उभ्या राहिल्या. आतून म्हातारे उतरायला लागले. झगे, डोक्याला लाल चौकड्यांचे रुमाल, हातात माळा, आणि सगळ्यांत पुढे काठी टेकत हाजी नायेफ. अख्ख्या बाजाराला एका नजरेत कळलं: जाहा आली. म्हणजे कुणाच्या तरी दारी वडीलधारे मागणं घेऊन आले. मुलीसाठी येतात, खुनाच्या समेटासाठी येतात. अशी माणसं गल्लीत शिरली की दुकानदार उभे राहतात.

सुबही न्हावी अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक खुर्चीत सोडून बाहेर आला.

"कुणाकडे?"

"अबू शाहेरकडे," भाजलेल्या बिया विकणारा म्हणाला.

"त्याला मुलगी कुठाय? तिन्ही मुलगे. तिन्ही उजवलेले."

"बहिणीसाठी असेल."

"बहीण सत्तरीची आहे."

"म्हणून तर एवढे म्हातारे आलेत."

अबू शाहेरने त्यांना काचेतून बघितलं आणि एका क्षणात ओळखलं, कशासाठी आलेत. माणूस डोक्याने तल्लख, त्याबद्दल वाद नाही. त्याने पहिलं काम काय केलं असेल? कॉफीची किटली उचलली आणि काउंटरखाली, जळक्या ट्रान्सफॉर्मरच्या मागे लपवली. कारण जाहाचं सगळं शस्त्र कॉफीत असतं. यजमान कॉफी ओततो, पाहुणे पेला पुढ्यात ठेवतात आणि हात लावत नाहीत. मागणं मान्य झालं तर पितात. नाही झालं तर पेला तसाच ठेवून उठतात, आणि तो गार पेला मग त्या घराच्या नावाला पुढच्या तीन पिढ्या चिकटून राहतो. कॉफीच नसेल तर?

"या, या, हाजी! दुकान उजळलं," अबू शाहेर म्हणाला. "काय दुर्दैव बघा, कॉफी आत्ताच संपली. चहा घ्या. सेजची पानं घालून करतो."

चहाला हा नियम लागत नाही. चहा म्हणजे नुसता चहा.

हाजी नायेफ स्टुलावर बसले. बाकीचे जिथे मावतील तिथे. एक जण बिघडलेल्या वॉशिंग मशीनवर, एक जण दारातच, अर्धा आत अर्धा बाहेर.

"आम्हाला घाई नाही," हाजी म्हणाले. "कॉफी येईपर्यंत थांबू."

"येणार कुठून, हाजी? संपली म्हणतोय ना."

तेवढ्यात सुबही हातात तबक घेऊन आत घुसला. किटली वाफाळत होती. तोंडावर असं हसू, जणू स्वतःच्या मुलाचं लग्न आहे.

"अबू शाहेर, गल्लीची लाज जाईल रे! पाहुणे बसलेत आणि तू कॉफी संपली म्हणतोस? घे. वेलची जास्त घातलीय."

अबू शाहेरने त्याच्याकडे असं बघितलं की सुबहीचं नशीब चांगलं, त्या क्षणी वस्तरा अबू शाहेरच्या हातात नव्हता. पण करतो काय? त्याने ओतली. काउंटरवर स्क्रूंच्या डब्यांमधून जागा करून पेले मांडले. हाजींनी आपला पेला उजव्या हाताने उचलला, इंचभर, आणि परत ठेवला. बाकीच्यांनीही ठेवले.

मग हाजी बोलायला लागले. हाजी बोलतात तेव्हा आधी देवाचं नाव, मग दोन्ही घराण्यांचे आजोबा, मग एका जुन्या दुष्काळात कुणी कुणाला गहू दिला ते, मग यंदाचा ऑलिव्हचा बहर. मुद्दा मागून गाढवावर बसून येतो. मिफ्लेह दाराच्या चौकटीला टेकून जमिनीकडे बघत उभा होता. कुणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, नवरामुलगा लाजतोय.

"...आणि म्हणून, अबू शाहेर, आम्ही तुझ्या दारी आलोत," हाजी शेवटी म्हणाले. "मिफ्लेहची दांडी जशी होती तशी करून दे."

दारातला म्हातारा म्हणाला, "आमीन."

"हाजी," अबू शाहेर म्हणाला, "तुम्ही टीव्ही दुरुस्त करून नेलात आणि परत येऊन म्हणालात की चित्र पहिल्यासारखं हलू दे, तर मी काय म्हणायचं?"

"टीव्हीवर लग्न लागत नाही. गुरुवारी माझ्या नातवाचं लग्न आहे. नातू म्हणतो, अम्मानहून डीजे आणू. मी म्हणालो, माझ्या घरात मिफ्लेह वाजवेल. तुझ्या बापाच्या लग्नात त्यानेच वाजवलं. नातू म्हणाला, आजोबा, शजऱ्याला काय झालं ऐकलंत ना?" हाजींनी काठी जमिनीवर टेकवली. "गुरुवारी तसंच झालं, तर मी त्या पोराला पुढे काही बोलू शकणार नाही. आणि माझ्या घरात डीजे आला की मग सगळ्यांच्या घरात येईल. याला कुणी बोलवणार नाही."

मिफ्लेहने मान अजून खाली घातली.

"जुनी स्प्रिंग तुटली," अबू शाहेर म्हणाला. "पट्टा कचऱ्यात गेला."

"मग नवी जुनी कर."

"एवढ्या वर्षांची झीज मी एका दुपारी कशी करणार, हाजी?"

"तू कारागीर आहेस ना?"

पेल्यांवरची वाफ विरत चालली होती. सुबही दारात उभा राहून एकेका पेल्याकडे बघत होता आणि मागच्यांना हळूच सांगत होता, "अजून नाही... अजून नाही."

"प्या," अबू शाहेर दात आवळून म्हणाला. "ज्यासाठी आलात ते दिलं."

इथे खरं म्हणजे प्यायला पाहिजे. शब्द दिला की संपलं. पण हाजींनी पेल्यावर तळहात ठेवला.

"तुझ्या शब्दावर आमचा विश्वास आहे, बाबा. तुझ्या स्प्रिंगवर नाही. आधी ऐकू, मग पिऊ."

अबू शाहेरने कीबोर्ड उलटा केला, खालचं झाकण काढलं, एका जुन्या स्पीकरला वायर जोडली. मग कीबोर्ड दोन स्टुलांवर आडवा ठेवून मिफ्लेहला म्हणाला, "वाजव."

मिफ्लेह पुढे आला. वाजवलं.

ते ऐकून वॉशिंग मशीनवरच्या म्हाताऱ्याने डोळे मिटले, पण सुखाने नाही. सूर वाकायला निघायचा आणि अर्ध्यातून परत फिरायचा. दारापर्यंत जाऊन चपला विसरल्यासारखा. मधला सूर जिथे लागायला पाहिजे तिथे पोचायचाच नाही, आणि आला की टक्कन, शाळेतल्या घंटेसारखा.

"हे बघ," मिफ्लेह म्हणाला. "हे."

अबू शाहेरने मीटर लावून बघितलं. मीटर म्हणाला सगळं उत्तम. त्याने दांडीच्या बिजागरीचा स्क्रू अर्धा फेरा सैल केला.

"वाजव."

"नाही," हाजी म्हणाले.

अजून अर्धा फेरा.

"नाही. अजून रडायला पाहिजे."

आता सगळ्यांना वाचा फुटली. एक म्हणाला तेल घाल. दुसरा म्हणाला तेल नको, उन्हात ठेव, उन्हात रबर सैल पडतं, माझ्या पाण्याच्या पंपाचं पडलं. तिसरा म्हणाला माझ्या घरी आठ नातवंडं आहेत, एक दिवस कीबोर्ड त्यांच्यात सोडा, वीस वर्षांची झीज जेवणाच्या आधी होईल. सुबही मागून म्हणाला, आमच्या वस्तऱ्याचं उलटं असतं, झिजला की फेकायचा.

"तू गप्प बस, तुझं गिऱ्हाईक वाळलं असेल," अबू शाहेर म्हणाला.

त्याच्या कपाळावरची शीर उभी राहिली होती. हयातभर या माणसाने वस्तू सरळ केल्या, आणि आज आठ म्हातारे त्याला वाकडं करायला शिकवत होते. त्याने स्क्रूड्रायव्हर घेतला आणि सैल केलेले सगळे स्क्रू परत आवळले. एकेक. पार घट्ट. दांडी पुन्हा होती तशी झाली, कडक, नवीकोरी.

"अरे, हे काय करतोस?" हाजी म्हणाले.

"दाखवतो. तू वाजव," तो मिफ्लेहवर खेकसला, "फक्त पट्ट्या. ती दांडी सोड. सोड म्हणतो ना! मी दाखवतो दांडी चालते की नाही."

मिफ्लेहने डावा हात काढून घेतला. अबू शाहेर दुसऱ्या बाजूने वाकला, दांडी स्वतःच्या अंगठ्यात धरली. मिफ्लेहच्या उजव्या हाताने रांग धरायची ती चाल सुरू केली, जी या दुकानात बसलेल्या प्रत्येकाने आपल्या आणि आपल्या मुलांच्या लग्नात ऐकली होती. अबू शाहेरच्या तिन्ही मुलांच्या लग्नांतही. त्यामुळे कुठे ढकलायचं आणि किती धरायचं, ते त्याला विचार न करता माहीत होतं. त्याने ढकललं, धरलं, आणि सोडलं नाही, अंगठ्यानेच हळूहळू परत आणलं.

सूर रडला. असा रडला की बाहेरचा बियांवाला आत आला. सूर खाली गेला, मधल्या जागी टेकला, तिथे थोडा बसला, आणि मग रेंगाळत, कुणाची वाट बघत असल्यासारखा, घरी आला.

"हाच!" हाजी ओरडले. "हाच तो!"

"हाच!" वॉशिंग मशीनवरचा म्हातारा उतरला आणि त्याचा पाय आपोआप जमिनीवर आपटला. "वल्ला, देवाशपथ, हाच!"

अबू शाहेरने विजयाने मान वर केली. तोंड उघडलं. आता तो सगळ्यांना सांगणार होता: बघा, दांडीत दोष नाही, स्प्रिंगमध्ये नाही, पट्ट्यात नाही, माझ्या कामात कणभर खोट नाही, मग खोट कुठे आहे ते तुम्हीच...

आणि त्याची नजर मिफ्लेहच्या डाव्या हातावर पडली.

मिफ्लेहने तो हात काढून पोटाशी धरला होता. अंगठा तळहाताच्या आत वळला होता आणि बारीक हलत होता, थंडीत कुत्र्याचं पिल्लू हलतं तसा. मिफ्लेह त्याला दुसऱ्या बोटांनी झाकायला बघत होता. मगाशी वाजवताना दांडी त्याने अंगठ्याने ढकललीच नव्हती; पूर्ण खांद्याने ढकलली होती, म्हणून अर्ध्यातून परत येत होती. नवी स्प्रिंग जोर मागत होती. जुनीला जोर लागायचा नाही, नुसता हात टेकला तरी चालायचं. कधीपासून, देव जाणे. आमच्याकडे हात मिळवतात उजवा, कॉफी घेतात उजव्याने, जेवतात उजव्याने. डाव्याचं काय चाललंय ते कोण बघतो?

मिफ्लेहने वर बघितलं. त्याने अबू शाहेरच्या उघड्या तोंडाकडे बघितलं, मग हाजींकडे, मग परत अबू शाहेरकडे. काही मागितलं नाही. जाहा घेऊन आलेला माणूस, पण त्या वेळी काही मागितलं नाही.

"काय रे?" हाजी म्हणाले. "बोल की. काय केलंस? कशाने झालं?"

अबू शाहेरने तोंड मिटलं. मग स्क्रूड्रायव्हर उगाच फडक्याला पुसला.

"चूक माझी," तो म्हणाला.

दारातला म्हातारा कानामागे हात धरून पुढे वाकला.

"काय म्हणालास?" सुबही म्हणाला.

"स्प्रिंग. मी जाड बसवली. या दांडीला ती नाही चालत. मला कळायला पाहिजे होतं." त्याने ड्रॉवर ओढला आणि चेहरा त्यात खुपसला. "मी आत्ता अंगठ्याने ती दाबून धरली, म्हणून सूर बरोबर आला. बारीक घालायला पाहिजे."

"कबूल केलं!" सुबही दारातून बाहेर वळत ओरडला. "कबूल केलं! अबू शाहेर म्हणतो चूक माझी!"

"कुठला अबू शाहेर?" बाहेरून कुणीतरी विचारलं.

"आपला!"

"खोटं."

अबू शाहेरची मान मागून लाल झाली होती. त्याने ड्रॉवरमधून कुठल्यातरी कॅसेट प्लेअरची स्प्रिंग काढली, केसाएवढी बारीक, फुंकर मारली तर उडाली असती. जाड काढली, ही बसवली. दांडी आता नुसती धक्का लागला तरी कलंडायची. झाकण लावायच्या आधी आतली आपल्या नावाची चिठ्ठी त्याने बघितली. नख लावलं, मग हात मागे घेतला, आणि चिठ्ठी तशीच राहू दिली.

"वाजव. दोन्ही हातांनी."

मिफ्लेहने डावा हात दांडीवर टेकवला. नुसता टेकवला. आणि वाजवलं. अंगठा आतल्या आत थरथरत होता, पण ते आता दिसत नव्हतं, ऐकू येत होतं. आणि ऐकायला ते इतकं बरोबर होतं की वॉशिंग मशीनवरच्या म्हाताऱ्याने बियांवाल्याचा हात धरला, बियांवाल्याने दारातल्याचा, आणि त्या बिळात, स्क्रूंच्या डब्यांमधून, तीन माणसांची रांग दोन पावलं गेली आणि दुरुस्तीला आलेल्या फ्रिजला धडकली.

हाजी नायेफनी पेला उचलला. कॉफी पार गार झाली होती. एका घोटात प्यायले. बाकीचेही प्यायले. तोंडं वाकडी झाली, पण प्यायले.

जाताना हाजींनी अबू शाहेरच्या खांद्यावर हात ठेवला.

"चूक कुणाच्या हातून होत नाही, बाबा? पण यापुढे जास्त शहाणपणा करू नकोस."

"नाही करणार, हाजी."

"वस्तू ज्याची, अक्कल त्याची."

"बरोबर आहे, हाजी."

दारातल्या म्हाताऱ्याच्या झग्याखाली काहीतरी टोकदार होतं. तो अडखळला. "मी माझा डिशचा रिसीव्हर आणला होता तुला दाखवायला," तो म्हणाला. मग थोडा विचार करून म्हणाला, "राहू दे. घाई नाही," आणि रिसीव्हर घेऊन पुढच्या गल्लीच्या दिशेने बघत बघत पिकअपकडे गेला.

मिफ्लेह मागे थांबला. कीबोर्ड कव्हरमध्ये घालायला. कव्हर डाव्या हाताने धरून उजव्याने चेन ओढायची असते; त्याने कव्हर गुडघ्याने दाबून धरलं. अबू शाहेर स्क्रू वेचत होता. जमिनीवर एकही स्क्रू नव्हता, तरी वेचत होता.

"डॉक्टरला दाखवलंस?" त्याने जमिनीला विचारलं.

मिफ्लेहचा हात चेनवर थांबला.

"दाखवलं."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, ऑगस्टमध्ये माझ्या मुलाचं लग्न आहे. मोकळा आहेस का?"

"मग?"

"मी हो म्हणालो."

अबू शाहेर उठला. त्याच्या हातात रिकामा चिमटा होता. तो त्याने नीट, जागच्या जागी ठेवला.

"ऑगस्टच्या आधी एकदा आणून टाक," तो म्हणाला. "ही स्प्रिंग नवी आहे. अजून सैल करावी लागेल."

"किती सैल होते ती?"

"ते मी बघतो. तू आण फक्त."

बाहेर पिकअपचा हॉर्न वाजला. लांब, मग दोनदा आखूड. हाजींचा ड्रायव्हर. मिफ्लेहने कीबोर्ड उचलून उजव्या काखेत घेतला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि हॉर्न परत वाजला.

"मला निघायला हवं आता," तो म्हणाला.